दातोगा लोहाराला गिऱ्हाईक कोण?

उत्तर टांझानियात अरुशाहून न्गोरोंगोरोकडे जाताना करातू नावाचं गाव लागतं. तिथून नैर्ऋत्येला खडबडीत रस्त्यानं खाली उतरलं की मांगोलाचे कांद्याचे मळे येतात आणि त्यांच्यापलीकडे एयासी हे खाऱ्या पाण्याचं सरोवर. सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो पाहायला जाणारी मराठी कुटुंबं आता बरीच आहेत; त्यांतली काही एयासीच्या काठीही एक दिवस काढतात. तिथला कार्यक्रम ठरलेला असतो. पहाटे हद्झा शिकाऱ्यांच्या मागे रानात फेरी, आणि ऊन चढल्यावर दातोगा लोहाराच्या अंगणात तासभर. लोहार बकऱ्याच्या कातड्याचा भाता चालवतो, कोळसा फुलवतो, सगळ्यांच्या देखत एका खिळ्याचं बाणाचं पातं करून दाखवतो. मग जुन्या कुलपाचं नाहीतर नळाच्या तोटीचं पितळ वितळवून कडं घडवतो. पाहुणे फोटो काढतात, एखादं कडं घेतात आणि गाडीत बसतात.

या भेटीबद्दल जे लिहिलं-बोललं जातं त्यात एक मत हमखास असतं: ही कला लोप पावत चालली आहे, पर्यटकांमुळेच ती टिकून आहे, तेव्हा असे पर्यटक वाढले पाहिजेत. हे मत चांगल्या मनानं मांडलेलं असतं, तरी मला ते चुकीचं वाटतं. लोहारकाम टिकतं ते रोज वापरणाऱ्या गिऱ्हाइकावर. दातोगा लोहाराचं मूळ गिऱ्हाईक म्हणजे गुरं राखणारा दातोगा आणि रानात शिकार करणारा हद्झा. या दोघांच्या पायाखालची जमीन गेल्या साठ वर्षांत निसटत गेली आहे. तिच्याबद्दल चकार शब्द न काढता लोहाराच्या भट्टीचं कौतुक करणं हे अर्धवट कौतुक आहे, आणि संस्कृती जपण्याचं सरकारी व खासगी धोरण त्यावरच उभं राहत असेल तर ते धोरणही अर्धवटच राहणार.

आधी दातोगा कोण ते सांगायला हवं. ही गुरं पाळणारी जमात आहे. त्यांची भाषा दक्षिण नायलोटिक कुळातली, केनियातल्या कालेंजिन लोकांच्या भाषांच्या नात्यातली. हनांग या सुमारे ३,४०० मीटर उंचीच्या डोंगराभोवतीची पठारं, एयासीचा काठ, याएदाचं खोरं, सिंगिदा आणि मारा प्रांतांतले काही भाग अशी त्यांची वस्ती विखुरलेली आहे. त्यांचे अनेक पोटगट आहेत. सर्वांत मोठा बाराबाइग. न्गोरोंगोरोच्या ज्या विवरात आज जगभरचे लोक सिंह आणि गेंडे पाहायला उतरतात, तिथे मासाई येण्यापूर्वी दातोगांची गुरं चरत होती. एकोणिसाव्या शतकात मासाईंनी त्यांना तिथून हटवलं. त्यांच्या पूर्वजांच्या कबरी मात्र अजून त्या विवरात आहेत.

याच समाजात लोहारांचा एक वेगळा गट आहे, गिदांगोदिगा. हे काम बापाकडून मुलाकडे जातं. इतर दातोगा त्यांच्याकडून भाला घेतील, बायकांसाठी पितळी कडी घेतील, पण त्यांच्याशी सोयरीक करणार नाहीत. पूर्व आफ्रिकेतल्या बऱ्याच पशुपालक समाजांत लोहाराची जागा अशीच आहे. मासाईंमध्येही लोहारांची घराणी वेगळी धरली जातात. ज्याच्या हातच्या भाल्यावर खिल्लाराचं रक्षण अवलंबून, त्यालाच पंक्तीबाहेर बसवायचं, ही तऱ्हा मराठी वाचकाला समजावून सांगावी लागू नये.

मी हे मुद्दाम सुरुवातीलाच सांगतो आहे. दातोगा संस्कृती म्हणजे काहीतरी निर्मळ, एकसंध, आपल्या आधुनिक गोंधळापासून दूर राहिलेलं जग आहे असं चित्र पर्यटनाच्या माहितीपत्रकांत असतं. ते खरं नाही आणि दातोगांच्या भल्याचंही नाही. त्यांच्यात उच्चनीचता आहे, भांडणं आहेत, शेजाऱ्यांवर केलेले अन्यायही आहेत. पण एखाद्या समाजाला जमिनीचा हक्क मिळण्यासाठी तो समाज निर्दोष असावा लागतो, ही अट आपण दुसऱ्या कोणाला घालतो का?

आता त्या भट्टीकडे येऊ, कारण तिथे जे घडतं ते नीट पाहिलं तर वाद निम्मा सुटतो.

भाता म्हणजे बकऱ्याच्या कातड्याच्या दोन पिशव्या. एका माणसानं दोन्ही हातांनी त्या आळीपाळीनं उघडायच्या आणि दाबायच्या, म्हणजे वाऱ्याचा झोत खंडत नाही. तो झोत मातीच्या नळीतून जमिनीतल्या उथळ खड्ड्यात, लाकडी कोळशात जातो. हे काम बहुधा घरातल्या पोराकडे असतं, आणि पोराचं शिक्षण तिथेच सुरू होतं. लोखंड कोणत्या रंगाचं झालं की बाहेर काढायचं, किती घाव बसेपर्यंत ते ऐकतं आणि कधी पुन्हा विस्तवात घालायचं, हे भाता दाबता दाबता डोळ्यांत भरत जातं. लोखंड वितळायला १,५३८ अंश सेल्सिअस लागतात, ते या खड्ड्यात शक्य नाही. म्हणून लोखंड लाल-पिवळं करून ठोकूनच घडवायचं. पितळ साधारण ९०० ते ९४० अंशांच्या घरात वितळतं, ॲल्युमिनियम तर ६६० लाच. म्हणून ते मुशीत घालून पाणी करता येतं, साच्यात ओतता येतं. पितळाची कांब थंडपणी ठोकत राहिलं तर ती कडक होते आणि तडकते. मधूनमधून तापवून तिला मऊ करावं लागतं, तेव्हा कुठे तिचं गोल कडं वळतं. मग छिन्नीनं रेघा आणि नक्षी. हे सगळं कागदावर न लिहिलेलं धातुशास्त्र आहे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या बरोबर ठरलेलं आहे.

पाहुण्यांमध्ये एक नाराजी कधीकधी दिसते: हे तर भंगार! खिळे, कुलपं, गाड्यांचे तुटके भाग. अस्सल परंपरा असती तर यांनी खनिजापासून लोखंड काढलं असतं. मला ही नाराजी समजते, पण ती लोहारकामाबद्दलच्या अज्ञानातून येते. कच्चा माल ओळखणं हा लोहाराच्या कसबाचा अर्धा भाग आहे. साध्या खिळ्यात कार्बन फार कमी असतो, त्याला पाणी देऊन, म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवून, कडक करता येत नाही. पण तो सहज पसरतो आणि त्याचं पातं दगडावर घासून पुन्हा धारदार होतं. विषारी बाणाला तेवढं पुरतं. चाकूला किंवा भाल्याला ते चालत नाही, त्यासाठी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यासारखं कार्बन जास्त असलेलं पोलाद लागतं, ते पाणी पकडतं. बाजारातल्या ढिगातून यातलं काय कशासाठी उचलायचं हे ज्याला कळतं तो परंपरेच्या बाहेर गेलेला नाही. तो परंपरा चालवतो आहे.

आणि खनिजाचं म्हणाल, तर टांझानियाच्या इतिहासातच त्याचं उत्तर आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेला हाया लोकांच्या मुलखात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लोखंड गाळलं जात होतं, आणि ते तंत्र अतिशय पुढारलेलं होतं. १९७०च्या दशकात पीटर श्मिट आणि डोनाल्ड एव्हरी या संशोधकांनी तिथल्या लोकांना जुनी भट्टी पुन्हा उभारायला सांगितली, तेव्हा ती फक्त म्हाताऱ्यांना आठवत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून स्वस्त लोखंड येऊ लागलं आणि खनिज गाळण्याचा धंदा बसला. त्यांच्या अंगी कसब होतं, खनिज होतं, लाकूड होतं. फक्त गाळलेल्या लोखंडाला गिऱ्हाईक उरलं नाही. लोखंड घडवण्याचं काम मात्र चालू राहिलं, कारण आयात केलेल्या पट्टीचा भाला करून देणारा माणूस गावाला हवाच होता. एकाच देशात, एकाच धातूच्या दोन कलांपैकी एक मेली आणि दुसरी जगली, आणि फरक गिऱ्हाइकाचा होता. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

तर मग एयासीच्या काठच्या लोहाराचं गिऱ्हाईक कोण होतं?

पहिलं गिऱ्हाईक हद्झा. हे साधारण हजार-तेराशे लोक आहेत, त्यांची भाषा कोणत्याच ज्ञात कुळात बसत नाही, आणि त्यांतले काही आजही शिकार आणि कंदमुळं, मध, फळं यांवर जगतात. ते शेती करत नाहीत, धातू घडवण्याची भट्टी ठेवत नाहीत. काही हद्झा खिळा थंडपणीच ठोकून स्वतः टोक करतात, पण चांगल्या पात्यांसाठी त्यांना दातोगा लोहार लागतो. बदल्यात मध, मांस, कातडी. मोठ्या जनावरासाठीच्या बाणाला काटेरी पातं आणि त्यावर विष. हे विष ज्या झाडांपासून करतात त्यांतलं एक अडेनियम. आपल्याकडे गॅलरीतल्या कुंडीत गुलाबी फुलांसाठी हौसेनं लावतात त्याच जातकुळीचं. बाणाचं पातं बिघडलं तर शिकार हातची जाते आणि लोहाराचं नाव त्याच दिवशी खराब होतं. अशा गिऱ्हाइकासाठी काम करणारा लोहार ढिला राहू शकत नाही.

दुसरं गिऱ्हाईक दातोगा पशुपालक. त्याला सिंह-तरसापासून गुरं राखायला भाला हवा, वाड्याच्या कुंपणासाठी काटेरी फांद्या तोडायला कुऱ्हाड, कातडं सोलायला चाकू. त्याच्या घरातल्या बायका कातडी, मण्यांनी मढवलेले घागरे नेसतात, डोळ्यांभोवती गोलाकार गोंदण असतं, आणि हाता-गळ्यात पितळेचे दागिने. हे दागिने लग्नात, सणात, शोकात आपापल्या जागी घातले जातात. म्हणजे कड्याला अर्थ देणारी बाई त्या समाजात जगते आहे तोवर कड्याला अर्थ आहे.

पर्यटक या दोघांच्या जागी येऊ शकतो का? पैसे तो जास्त देतो, हे खरं. पण त्याला चांगलं पातं आणि वाईट पातं यांतला फरक कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. तो ते भिंतीला टांगणार आहे. त्याला कडं हलकं हवं, लवकर हवं, आणि ते होताना बघायला मजा यावी असं हवं. हळूहळू भट्टी त्या मागणीप्रमाणे वळते. भाला मागे पडतो, कारण तो विमानात नेता येत नाही. उरतात बाणाची छोटी पाती आणि कडी. हातातलं कौशल्य वापरात राहिलं नाही तर एका पिढीत पातळ होतं. पोरगा भाता दाबायला शिकतो, पण बापाला भाला घडवताना त्यानं कधी पाहिलेलंच नसतं.

आणि तरीही मी पर्यटन बंद करा असं म्हणणार नाही. लोहार हा दातोगांमधला खालच्या पायरीवरचा माणूस. त्याच्याकडे गुरं थोडी, आणि दातोगांमध्ये माणसाचं वजन गुरांवर ठरतं. त्याच्या अंगणात रोख पैसा येतो आहे, मुलांच्या शाळेचा खर्च निघतो आहे, पाहुणे त्याच्या हाताकडे आदरानं पाहत आहेत, ही लहान गोष्ट नाही. ज्यांनी त्याला सोयरिकीला नाकारलं त्यांच्यापेक्षा त्याची कमाई जास्त झाली तर मला त्यात आनंदच आहे. माझा विरोध पर्यटनाला नाही. पर्यटन म्हणजेच संस्कृतीचं रक्षण, असं समजून सरकारनं जमिनीच्या प्रश्नाकडे पाठ फिरवावी, याला आहे.

तो जमिनीचा प्रश्न काय आहे हे पाहायला एयासीहून दक्षिणेला, हनांगला जावं लागेल.

हनांगच्या परिसरात बासोतूची पठारं आहेत. बाराबाइग पशुपालक ऋतूप्रमाणे वेगवेगळ्या चराया वापरत; पाऊस कुठे पडला, कुठल्या गवतात क्षार आहेत, कोणतं पाणी कधी आटतं, कुठे गोचीड आणि गुरांना रोग देणारी त्सेत्से माशी आहे, याचा हिशेब करून खिल्लारं फिरत. बासोतूच्या सखल, सुपीक गवताळ जमिनी या चक्रातल्या सगळ्यांत मोलाच्या. वर्षातले थोडेच महिने तिथे गुरं असत, बाकी काळ गवत वाढायला मोकळं. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला ती जमीन रिकामी दिसली. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून कॅनडा सरकारच्या मदतीनं तिथे गव्हाची यांत्रिक शेती सुरू झाली. सात मोठी शेतं, आणि पशुपालकांच्या हातून गेलेली जमीन एकूण सुमारे १,००,००० एकर. चालवणारी संस्था सरकारी कृषी महामंडळ, नॅफ्को.

जाता जाता ट्रॅक्टरांनी कबरी नांगरल्या. हे वाक्य मी घाईनं लिहू शकत नाही. दातोगांमध्ये मान्यवर वृद्ध वारला तर त्याच्या कबरीवर टप्प्याटप्प्यानं मातीचा उंच ढीग रचतात, त्याला बुंगेदा म्हणतात. तो विधी कित्येक महिने चालतो. दूरदूरचे नातेवाईक येतात, मधाची दारू होते, गुरं कापली जातात, शेवटी तो माणूस पूर्वज होतो आणि ती जागा पवित्र होते. पुढच्या पिढ्या तिथे येऊन त्याच्याशी बोलतात. अशा जागा गव्हाच्या सरींखाली गेल्या. त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा, पाण्याकडे जाणाऱ्या वाटा बंद झाल्या, आणि शेतातून गुरं नेणाऱ्यांना मारहाण झाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या.

लोक न्यायालयात गेले. मुल्बदाव गावाच्या परिषदेनं आणि गावकऱ्यांनी नॅफ्कोविरुद्ध दावा लावला. १९८४ साली उच्च न्यायालयानं गावाच्या बाजूनं निकाल दिला. पुढच्याच वर्षी अपील न्यायालयानं तो फिरवला. गावाची हद्द प्रशासनासाठी आखलेली आहे म्हणून जमीन गावाची ठरत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. आणि रूढीनं आलेला हक्क सांगायचा तर आधी आपण मूळ रहिवासी आहोत हे प्रत्येकानं सिद्ध करायला हवं होतं, असंही. ज्यांच्या वाडवडिलांच्या कबरी त्या मातीत होत्या त्यांच्याकडे स्थानिक असल्याचा पुरावा मागितला गेला. दशकाच्या शेवटी सरकारनं आदेश काढून त्या भागातले रूढीचे हक्क संपुष्टात आणायचाही प्रयत्न केला. पुढे कॅनडानं अंग काढून घेतलं, महामंडळ डबघाईला आलं, काही जमीन आसपासच्या गावांकडे परतली, काही इतरांच्या हाती गेली. गेलेलं खिल्लार मात्र परत येत नाही.

गहू देशाला हवा होता, असा युक्तिवाद केला जातो, आणि तो खोटा नाही. नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशाला आयातीवर पैसा घालवायचा नव्हता. पण तो गहू खाणारी शहरं होती आणि त्याची किंमत मोजणारे हनांगचे पशुपालक होते. पशुपालनातून त्या जमिनीवर किती दूध, मांस आणि माणसांचं जगणं निघत होतं याचा हिशेब प्रकल्प आखताना कोणी मांडला नाही. परदेशी यंत्रं, परदेशी सुटे भाग, परदेशी तज्ज्ञ यांच्या जोरावर उभी राहिलेली शेती मदत थांबताच कशी लडखडली हे पाहिलं, तर ज्याला प्रगती म्हटलं गेलं तो एका जमातीच्या जीवावर केलेला महागडा प्रयोग होता असंच मला म्हणावं लागतं.

आता या हनांगचा एयासीच्या लोहाराशी काय संबंध? संबंध सरळ आहे. चराई गेलेले बाराबाइग विखुरले. काही दक्षिणेला थेट उसांगूच्या पाणथळ मैदानांपर्यंत गेले, आणि २००६-०७ मध्ये सरकारनं तिथूनही पशुपालकांना हाकललं. काही उत्तरेला याएदाच्या खोऱ्याकडे सरकले, म्हणजे हद्झांच्या रानात. गुरं आली तिथे झुडपं तुडवली गेली, पाण्याच्या जागांवर गर्दी झाली, शिकारीची जनावरं पांगली. एयासीच्या बाजूनं मांगोलाच्या झऱ्यांवर कांद्याची शेती फोफावली, बाहेरचे शेतकरी आले, आणि पशुपालकांचं पाणी आणखी आक्रसलं. आज हद्झा दातोगांवर रागावलेले आहेत आणि त्यांचा राग योग्य आहे. ज्या दोन समाजांच्या देवघेवीवर लोहाराची भट्टी पेटत होती, ते दोघं आता एकाच उरलेल्या रानासाठी समोरासमोर आहेत. हद्झाकडे शिकार उरली नाही की त्याला बाणाच्या पात्याची गरज उरत नाही, आणि दातोगाकडे गुरं उरली नाहीत की भाल्याची.

दातोगांना एकतर्फी पीडित ठरवून हद्झांचा प्रश्न बाजूला सारायचा नाही, हे मी स्पष्ट म्हणतो. याएदात हद्झांचा हक्क पहिला. म्हणूनच दातोगांची हिरावलेली चराई त्यांच्या जागी परत देणं हा हद्झांना वाचवण्याचाही मार्ग आहे. एका गरीब समाजाला दुसऱ्या त्याहून गरीब समाजाच्या अंगावर ढकलून मोठ्या शेतांचा प्रश्न झाकता येतो, आणि तो तसा झाकला गेला आहे.

पर्यटकाच्या तासाभराच्या भेटीत आणखी एक गोष्ट कधीच येत नाही. दातोगा बायकांची स्वतःची पंचायत असते, गिर्ग्वागेदा गादेम्गा. एखाद्या पुरुषानं बाळंतिणीचा अपमान केला किंवा बाईच्या ठरलेल्या हक्कांवर घाला घातला तर ही पंचायत जमते, त्याला दोषी ठरवते आणि गुराचा दंड वसूल करते. पुरुषप्रधान पशुपालक समाजात बायकांच्या हातात असं अधिकारपीठ असणं ही पितळी कड्याहून कितीतरी मोठी सांस्कृतिक संपत्ती आहे. पण दंड गुराचा असतो. ज्याच्याकडे गूर नाही त्याच्याकडून ही पंचायत काय वसूल करणार? बुंगेदा उभारायला गुरं लागतात, लग्नाला गुरं लागतात, लोहाराला द्यायलाही एकेकाळी जनावर लागायचं. खिल्लार घटलं की फक्त दूध घटत नाही; एकामागून एक संस्था लुळ्या पडत जातात. म्हणून दातोगांच्या संस्कृतीबद्दल बोलणाऱ्यानं आधी गवताबद्दल बोललं पाहिजे.

काही करता येईल का? येईल, आणि त्याची साधनं टांझानियाच्या कायद्यातच आहेत. १९९९च्या ग्रामजमीन कायद्यानं रूढीनं आलेल्या हक्काला मान्यता दिली आणि त्याचं प्रमाणपत्र देण्याची सोय केली. याच कायद्याखाली २०११ साली याएदातल्या हद्झांना सामूहिक जमीन हक्काचं प्रमाणपत्र मिळालं. जंगल राखल्यानं हवेत जायचा टळलेला कार्बन मोजून त्याबद्दल बाहेरचे खरेदीदार पैसे देतात; अशा कार्बनच्या व्यवहारातून त्या खोऱ्यात आता उत्पन्नही येतं. उत्तर टांझानियातल्या काही पशुपालक गावांनीही चराईची जमीन अशीच सामूहिक नावावर करून घेतली आहे. वैयक्तिक सातबारा पशुपालकाच्या कामाचा नाही, कारण त्याचं जगणं फिरण्यावर आहे. त्याला सामूहिक नोंद आणि दोन चरायांमधली मोकळी वाट हवी. हनांगच्या उरलेल्या मोठ्या शेतांच्या जमिनीचा फैसला करताना सरकारनं बाराबाइगांच्या चराईला पहिला क्रम द्यावा, बुंगेदांच्या जागा मोजून घ्याव्यात आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा कायद्यानं खुल्या ठेवाव्यात. यात अवास्तव असं काही नाही.

पर्यटन संस्थांकडूनही एक अपेक्षा ठेवता येते. एयासीच्या काठी पाहुण्याला नेताना बासोतूची गोष्ट सांगा. लोहाराच्या अंगणात उभं राहून "हे लोक पूर्वीपासून असेच राहतात" असं सांगू नका, कारण ते खोटं आहे; ते असे राहतात कारण त्यांना तिथवर ढकललं गेलं. प्रवेशाची जी फी घेतली जाते त्यातला हिस्सा लोहारांच्या घरांपर्यंत आणि हद्झांच्या वस्तीपर्यंत किती पोचतो, हे जाहीर करा. आपल्यापैकी जे कोणी जातील त्यांनी हे विचारावं. भाला घडवून देता का, असंही विचारावं. नेता येणार नसला तरी त्याचे पैसे देता येतात, आणि तो भाला शेजारच्या एखाद्या गुराख्याच्या हाती जाऊ शकतो.